फर्स्ट शिफ्टचा माणूस

प्रांजली स्कूटी स्टँडवर लावत होती तेवढ्यात उमाकांतकाकांनी कुत्र्याचं सामान फाटकाबाहेर आणून ठेवलं. स्टीलचं भांडं, घडी घातलेली सतरंजी, जंताच्या गोळ्यांची उरलेली पट्टी, साखळी. साखळीच्या टोकाला कुत्रा नव्हता.

"घेऊन जा त्याले," काका म्हणाले.

"काका, आधी नमस्कार तर घ्या."

"घेतला. आता घेऊन जा."

"पण भूरा आहे कुठं?"

काकांनी मानेनेच घराकडे दाखवलं. "तिच्याजवळ. ती सोडून नाही राहिली. माझ्या हातात असतं तर मागच्याच रविवारी आणून सोडला असता."

आतून लतिकाकाकूंचा आवाज आला, "दोन वाजू द्या आधी! पोरीले आपल्या डोळ्यानं पाहू द्या. गणिताचे मास्तर ना तुम्ही? पडताळा पाहिल्याशिवाय उत्तर कसं लिहिता?"

काकांनी फाटक उघडलं आणि बाजूला सरले. प्रांजली आत आली तरी त्यांनी ते लगेच लावलं नाही. मागून आणखी कोणी यायचं असावं तसे क्षणभर थांबले. मग स्वतःवरच चिडल्यासारखी त्यांनी कडी घातली.

*

"भूराने आपला माणूस गमावला आहे."

पोस्टचं हे पहिलं वाक्य. मूळ पोस्ट हिंदीत होती, भिलाईत दुसऱ्या कशात असणार. आणि वाक्य खोटं होतं. भूराने कोणाला गमावलं नव्हतं, कारण त्याला कोणी नव्हतंच. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर, जिथून चुनखडीचे डंपर जातात, तिथे तो मागचा पाय ओढत फिरत होता. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेच्या गाडीत घातला तेव्हा तो पांढरा कुत्रा होता. पहिल्या आंघोळीत धूळ वाहून गेली आणि खालून तपकिरी कुत्रा निघाला. घर ही वस्तू त्याने आतून कधी पाहिली नसावी. शेडच्या दारातून आत यायलाही तो कित्येक दिवस तयार नव्हता.

प्रांजली आठवडाभर सुपेल्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलं करायची आणि रविवारी संस्थेत यायची. जखमी जनावरं उचलणं, मलमपट्टी करणं, पिंजरे धुणं हे सगळ्यांचंच काम. दत्तक द्यायच्या जनावरांच्या पोस्ट लिहिणं आणि नंतर त्या त्या घरी जाऊन पाहून येणं, हे तिचं. पिल्लं एका फोटोत जातात. मोठा, देशी, लंगडा कुत्रा जात नाही, आणि शेडमध्ये तर आता माणसालाही पाय ठेवायला जागा नव्हती.

"इसकी तो शकल ही रोने वाली है," गाडी चालवणारा राजदीप म्हणाला होता. "तू बस दो लाइन डाल दे, मॅडम. लोग कुत्ता नहीं ले जाते, कहानी ले जाते हैं."

तेव्हा प्रांजलीने भूराला एक भूतकाळ दिला. आधीही तिने असे दिले होते. एका आंधळ्या मांजरीला हार्मोनियम शिकवणाऱ्या बाई दिल्या होत्या, आणि ती मांजर आता दुर्गला एका डॉक्टरांच्या गादीवर झोपते. त्यात पाप ते कसलं? पण या वेळी ती थकली होती, नवं काही सुचेना. म्हणून घरात जे होतं तेच उचलून दिलं. स्टील प्लांटमधले एक साहेब. ते वारले. घरच्यांना क्वार्टर सोडावं लागलं. कुत्रा मागे राहिला. अशी कुत्री प्लांटच्या सेक्टरांमध्ये खरोखर असतात, कुलूप लागलेल्या क्वार्टरच्या पायरीवर बसून राहतात. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

स्मृति नगरमधून त्याच संध्याकाळी फोन आला होता. लतिकाकाकू फोनवर रडत होत्या.

*

"साहेब फर्स्ट शिफ्टवरून आले की भूरा फाटकाशी हजर."

पोस्टमधलं पुढचं वाक्य. दोन वाजत आले तसा काकूंनी पंखा बंद केला. "आवाज नको," त्या हळूच म्हणाल्या.

भूरा त्यांच्या पायाशी पसरला होता. त्यांनी त्याचं भुऱ्या करून टाकलं होतं. अंगाने भरला होता, केसांना चमक आली होती, कानामागची जखम शोधूनही सापडली नसती. घरभेटीत पाहायचं असतं ते सगळं ठीक होतं. प्रांजलीला वाटलं, काकांना समजावून सांगता येईल.

बाहेर दुपार तापली होती. गल्लीत एक इस्त्रीची गाडी उभी होती आणि इस्त्रीवाला सावलीला झोपला होता.

भुऱ्या उठला. भुंकला नाही, कान टवकारले नाहीत. घड्याळाकडे पाहून उठणाऱ्या माणसासारखा उठला आणि फाटकाशी गेला. तिथे त्याची शेपूट हलू लागली, मग कंबर, मग तो सगळाच. लंगड्या पायावरही त्याने उडी मारून पाहिली. फाटकाला कडी होती. फाटकापलीकडे इस्त्रीची गाडी होती. बाकी काही नव्हतं.

मग तो वळला आणि घराकडे चालू लागला, अगदी हळू. कुत्रा धन्याच्या पावलाशी पाऊल जुळवतो तसा, तोंड उजवीकडे वर करून. पॅसेज अरुंद होता. तरी तो भिंतीला घासून चालत होता आणि दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडत होता.

प्रांजली त्याच बाजूला उभी होती. ती मागे सरली. आपण का सरलो, हे तिला सरल्यावर कळलं.

"रोज?" तिने विचारलं.

"रविवारीही," काका म्हणाले. "शिफ्टले कुठं सुट्टी असते?"

*

"ते नळावर हातपाय धुईपर्यंत तो बाजूला उभा राहायचा."

मागच्या अंगणातला नळ कोरडा होता. भुऱ्या नळापासून थोडा दूर उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने अंग झाडलं, नाकापासून शेपटापर्यंत, अंगावर शिंतोडे उडाल्यावर झाडतात तसं. फरशीवर एक थेंब नव्हता.

"तुम्ही त्याला पोस्ट वाचून दाखवली की काय, काकू?" प्रांजली हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

"यांनी वाचली होती, मोठ्यानं. पण कुत्र्याले काय समजते बेटा? तो तर हाकेलेही येत नव्हता पहिल्यांदा."

*

यापुढचं वाक्य पोस्टमध्ये नव्हतं.

भुऱ्या अंगणातून आत आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. आत गेला नाही. उंबऱ्याच्या अलीकडे बसला आणि त्याने मान वर केली. तो चौकटीच्या वरच्या पट्टीकडे पाहत होता. कान मागे पडलेले. वरून कोणी काही बोलत आहे आणि ते त्याला कळत आहे, असा.

"हे तू लिहिलं नव्हतं," काकू कुजबुजल्या. "मी कितीक वेळा वाचली ती पोस्ट. इथं काय करतात ते?"

प्रांजलीला माहीत होतं. लिहिताना ते तिच्या मनात होतं. पोस्ट लांबेल म्हणून तिने टाकलं नव्हतं. बाबा शिफ्टवरून आले, हातपाय धुतले की स्वयंपाकघराच्या दारात येऊन वरची पट्टी दोन्ही हातांनी धरायचे आणि लोंबकळायचे. पाठ कडकड वाजायची. तिथूनच आईला विचारायचे, आज काय आहे. ती खाली फरशीवर बसून वर पाहायची. मागे अंगणाचं ऊन असायचं, त्यामुळे चेहरा काळा दिसायचा. शर्ट वर गेलेला, कमरेचा पट्टा, लांब लांब हात. हे तिने आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

"काय माहीत, काकू," ती म्हणाली.

*

"मग त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपून जायचा."

वेताची खुर्ची रिकामी होती. भुऱ्या तिच्यासमोर आडवा झाला आणि त्याने हनुवटी टेकवली. जमिनीवर नाही. हनुवटी आणि फरशी यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती. प्रांजलीने गुडघ्यांवर बसून पाहिलं. फटीतून पलीकडची भिंत दिसत होती. कुत्र्याचे डोळे मिटले, श्वास लांबला, ओठ सैल पडून एका बाजूला ओघळले. पण डोकं खाली आलं नाही.

तिला त्या फटीत हात घालून पाहावासा वाटला. तिने हात पाठीमागे नेला.

*

"पाहिलं?" काका म्हणाले. ते दारातच उभे होते. "आता सांग, हे साहेब कोण होते? मेलेला असो, जिता असो, घरात येणारा माणूस ओळखीचा पाहिजे."

"काका..." प्रांजलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तसे साहेब कोणी नव्हते. भूरा रस्त्यावरचाच. पोस्टमध्ये थोडं मनचं लिहावं लागते."

तिला वाटलं होतं, यामुळे काकांना धीर येईल. काका भिंतीला धरून खाली बसले.

"म्हणजे साहेब नव्हतेच?"

"नव्हते."

"मग हा कोण येऊन राहिला?"

भुऱ्या झोपेत सुस्कारला.

"मनचं लिहिलं म्हणते ती," काकू म्हणाल्या. "कोणाच्या तरी मनचं असंनच ना." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाले कावून इतकी भीती वाटते? काही मागते का तो? आपल्या ईशानचा पुण्याहून फोन येते, बिल भरणाऱ्याचा फोन येते, बँकवाल्याचा येते. फाटकातून कोण येते आपल्या घरी? दुपारी कोणी येणार म्हणून मी केस विंचरून बसते आता. वेडी म्हणा मले."

"वेडी तर मी लग्नातच म्हटलं होतं," काका म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. बराच वेळ ते त्या दोन बोटांच्या फटीकडे पाहत राहिले. शेवटी प्रांजलीला म्हणाले, "हिच्यासाठी एवढं करतो. मले नाव सांग. नाव समजलं तर कुत्रा राहील, येणाराही येईल. बिननावाचा माणूस मी घरात नाही घेणार. उद्या सकाळपर्यंत सांग, नाहीतर गाडी घेऊन ये."

बाबांचं नाव तिच्या जिभेवर होतं. अरुणकुमार. सहा अक्षरी उत्तर दिलं असतं तर भुऱ्याचं घर पक्कं झालं असतं, काकू रडून मोकळ्या झाल्या असत्या, आणि तिचं त्या जागचं काम संपलं असतं.

तिने नाव सांगितलं नाही. सांगितलं तर बाबा इथेच राहिले असते.

*

राजदीपला मेसेज.

भूरा कल वापस आ रहा है, शेड में जगह... खोडलं.

भूरा को मैं रख रही हूँ... खोडलं.

पापा... हेही खोडलं. स्कूटीवर बसून ती स्मृति नगरच्या वळणावर उन्हात उभी होती. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि बाजूने निघून गेला.

बाबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दवाखान्यातून थेट तिकडेच. घरी कोणालाच आणत नव्हते. नंतर क्वार्टर सोडायची मुदत आली आणि माय-लेकी सुपेल्यात बाजाराच्या मागे, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आल्या. हे घर बाबांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांना पत्ता कसा कळणार? जो दरवाजा त्यांच्यासाठी कोणी लिहून ठेवला तिथे ते गेले, इतका साधा हिशोब होता. कुत्रा इथून तिथे नेला की तेही येतील.

*

प्रेमला, तिची आई, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगांचे दोर काढत बसली होती.

"आई, आपण कुत्रा आणू."

"घरमालकानं काय सांगतलं होतं, विसरली?"

"दुसरं घर पाहू."

आई हसली. "कुत्र्यासाठी घर पाहते. नवरा पाह्य म्हटलं की हिले टाइम नसते."

मग प्रांजली तिच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. पोस्ट, फाटक, नळ, खुर्ची. सांगताना तिचा आवाज मध्येच उंच जात होता. आईचे हात थांबले नाहीत. शेंगेची साल लांब सोलून निघत होती आणि ताटात पडत होती.

"बाबा येऊन राहिले आई. तिथं. परक्याच्या घरी."

"फर्स्ट शिफ्टवरून?" आईने विचारलं.

"हो. मी लहान होते तेव्हा यायचे तसे. दुपारी. मीच त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपायचे ना. ते मी कुत्र्याला दिलं."

"तुझे बाबा अकाउंट्सले होते. जनरल शिफ्ट. संध्याकाळ झाल्याशिवाय ते कधी घरी आले नाही."

"आधी असतील ना शिफ्टला. मी चार-पाच वर्षांची असेन."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून अकाउंट्सलेच."

खालच्या बाजारातून भाजीवाल्याचा पुकारा वर आला आणि विरला.

"असं कसं," प्रांजली म्हणाली. "मला चौकट आठवते आई. स्वयंपाकघराच्या चौकटीला वरून धरून लोंबकळायचे. पाठ वाजायची. तिथून तुला विचारायचे, आज काय आहे. भूरा तिथंच थांबतो, वर पाहतो. ते तर मी लिहिलंही नव्हतं."

आईने हातातली शेंग ताटात ठेवली. ठेवलेली शेंग पुन्हा सरळ केली.

"तुझ्या बाबांचा हात पुरत नव्हता तिथं," ती म्हणाली. "बल्ब बदलायचा तरी त्यांना स्टूल लागे."

प्रांजलीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत बाबा छातीपर्यंतच होते. तिने मनातल्या मनात त्यांना उभं केलं. आईच्या शेजारी, स्कूटरच्या शेजारी, स्वतःच्या शेजारी. बारावीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिला थोडं वाकावं लागलं होतं.

"कधीपासून येते?" आईने विचारलं.

"कुत्रा गेला तेव्हापासून. दसऱ्यानंतर."

"रोज?"

"रोज."

"कुत्रा भेते का त्याले?"

"नाही. शेपूट हलवते."

आईने मान डोलावली. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, ताट ओट्यावर सरकवलं आणि न्हाणीघरात गेली. दार तिने पूर्ण लावलं नाही. बादलीत पाणी पडू लागलं.

"आई, सकाळी झाली ना तुझी आंघोळ?"

गिझरचं बटण बाहेर होतं, ते बंदच होतं. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला, मग लगेच दुसरा, श्वास घ्यायला जागा न ठेवता. प्रांजली दाराशी गेली. आई पाटावर बसली होती, अंगावर नेसतं लुगडं तसंच, आणि डोक्यावरून पाणी घेत होती. थंड पाणी. अशी आंघोळ करताना तिला प्रांजलीने एकदाच पाहिलं होतं. तेव्हा दवाखान्यातून बाबा गेल्याचा फोन आला होता.

बादली रिकामी झाल्यावर आई बाहेर आली. लुगडं अंगाला चिकटलं होतं, केसांतून पाणी पायांवर गळत होतं. तिने टॉवेल घेतला नाही.

"त्या मास्तरांना फोन लाव," ती म्हणाली.

प्रांजलीने लावला. आईने ओल्या हातानेच फोन घेतला आणि कानापासून थोडा दूर धरला.

"नमस्कार. मी प्रांजलीची आई. तुम्ही नाव विचारलं होतं ना." मग हजेरी देतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "धनंजय."

पलीकडून काका काहीतरी बोलले. आईने ऐकून घेतलं.

"हो. कुत्रा तिथंच राहू द्या. इथं नाही आणणार ती."

काकांनी आणखी काही विचारलं. फरशीवर आईच्या पायांभोवती पाणी पसरत चाललं होतं. तिने प्रांजलीकडे पाहिलं, आणि नजर न काढता फोनमध्ये उत्तर दिलं.

"नातं काही नाही. दुपारचा आमच्याकडे जेवायले येत होता."